जळणारीचे गुलाबी खडे

तानाबाईच्या ओसरीवर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धं डोणगाव लोटलं होतं म्हणा ना, आणि सगळ्यांच्या माना मागच्या खोलीतून बाहेर काढलेल्या दोन पत्र्याच्या पेट्यांकडे. एक थोरल्या सुनेची, पुष्पांजलीची. दुसरी धाकटीची, निशिगंधाची. महिनाभर झड लागलेली, खोलीच्या भिंतीला हात लावला तर तळवा ओला व्हायचा, अशात पुष्पांजलीच्या पेटीचं झाकण उघडलं आणि आतला लग्नाचा शालू निघाला कसा, तर काल दुकानातून आणल्यासारखा.

निशिगंधाच्या पेटीतून आधी वास आला, मग शालू. पदरावर करडी बुरशी.

"माय वं," कोणीतरी म्हणालं, आणि ते निशिगंधाला सुईसारखं टोचलं. तशी ती जळायचीच जावेवर. शालूवर, पेटीवर, पेटीखालच्या चार विटांवरसुद्धा.

निर्जलबाबा मधे बसलेले. सहा महिन्यांपूर्वी जळगाव जामोदकडून आले, म्हणे सातपुड्यात तप केलं. घरोघर खड्यांच्या पुड्या द्यायचे, जुन्या 'शुद्ध करायला' धुनीवर न्यायचे. "पाहा लेकरांनो, म्या पाण्याले या पुडीत बांधलं. जिथं माही पुडी, तिथं पेटी कोरडी, शालू कोरडा, मन कोरडं." मन कोरडं कशाला पाहिजे, हे कोणी विचारलं नाही.

मग बाबांनी पावसाआधी थोरलीलाच दिलेली पुडी तिच्या पेटीतून काढून सोडली आणि खडे सगळ्यांना दिसतील असे तळव्यावर धरले. दिलेले खडे होते निळेशार. निघाले गुलाबी.

"या घरात कोणीतरी जळून राह्यलं," बाबा हळूच म्हणाले. "खड्यानं ती नजर पेली, म्हणून शालू वाचला. हे खडे राहू द्या. पुढच्या रविवारी येतो अन् नाव सांगतो."

तानाबाई उठल्या. "जिचं नाव निघंल, तिची चूल वेगळी. माह्या घरात जळणारी नको."

निशिगंधा खांबाआड सरकली. कारण बाबा खोटं कुठं बोलत होते? ती जळतच होती की.

आता तिनं काय करावं? रोज दुपारी सगळे आडवे झाले की ती मागच्या खोलीत जायची, पुडी समोर ठेवायची आणि जावेबद्दल चांगलं चांगलं मनात आणायची. ताईचा हात भाजीत चांगला बसतो. ताईचे केस लांब आहेत. पण तेल माह्या माहेरचं लावते. झालं, परत तेच. खडे गुलाबीचे गुलाबी.

शुक्रवारी तिनं चार खडे पदरात बांधले आणि समोरच्या समता मॅडमकडे गेली. मॅडम शाळेत विज्ञान शिकवतात.

"मॅडम, मन साफ करायचा काही उपाय आहे का?"

मॅडमनी खडे हातात घेऊन पाहिले. "मनाचं मले माहीत नाही. याचं माहीत आहे. शाळेच्या कपाटात बरणीभर आहेत हे." त्यांनी एक टाकाऊ तवा काढला, मंद आचेवर खडे पसरले. "आता सांग, जावेबद्दल काय वाटते?"

"खोटं काऊन बोलू? जळतेच मी."

"जळ मग बिनधास्त."

निशिगंधा जळत राहिली, तवा तापत राहिला, आणि खडे कडेकडेनं जांभळे होत होत चक्क निळे झाले. ती बघतच बसली. मॅडमनी चुलीवरचा तवा उतरवला, आणि एका काचेच्या बरणीत ते निळे खडे, सोबत ओलं फडकं, झाकण घट्ट.

रविवारी परत तीच गर्दी, फक्त या वेळी मॅडमही, तवा आणि बरणी घेऊन. बाबांनी डोळे मिटले, ओठ हलवले, बोट उचललं. ते बोट कुणाकडे वळायच्या आतच निशिगंधा उभी राहिली.

"कष्ट नका घेऊ बाबा. मी जळते. ताईवर. लग्न झालं तेव्हापासून."

पुष्पांजलीनं तोंडाला पदर लावला. तानाबाई म्हणाल्या, "निशे, लाज आहे का तुले?"

"आहे आत्या. पण आधी हे पाहा." तिनं पुडीतले गुलाबी खडे अंगणातल्या चुलीवर त्या टाकाऊ तव्यात टाकले. माणसं पुढं सरकली. खडे निळे होत गेले. "मी अजून जळूनच राह्यली. मग हे निळे कसे झाले?"

मॅडमनी बरणी वर धरली. आतले खडे गुलाबी. "आणि यात परवा निळे टाकले होते. या बरणीत कोण कोणावर जळते, बाबा?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"हे खडे हवेतली ओल पितात," मॅडम म्हणाल्या. "कोरडे असले की निळे, पोट भरलं की गुलाबी, तापवले की परत निळे. बाबा जुने खडे 'शुद्ध करायला' धुनीवर नेतात ना, ते यासाठीच. पण पुडीभर खड्यांचं पोट चार दिवसांत भरते, महिनाभराची झड त्यांना पेलत नाही. अन् हा रंग विषारी आहे. शेवयांच्या डब्याजवळ ठेवू नका, या तव्यावर पोळी टाकू नका."

बाबांना तेवढ्यात धुनीची वेळ झाल्याचं आठवलं. चपला हातात घेऊनच गेले.

तानाबाई पेट्यांकडे बघत बसल्या. "पण थोरलीचा शालू वाचला तो वाचलाच ना?"

पुष्पांजलीच बोलली, खाली बघत. "आत्या, बाबानं सांगतलं होतं, पेटीले जमीन लागू द्यायची नाही, भिंतीची सावली पडू द्यायची नाही, जरा उघाड पडली की कपडे उन्हात टाकायचे. मी तेवढं केलं. पण कोणाले सांगायचं नाही म्हणे, गुण जातो. निशिले बी नाही सांगतलं." मग ती उठली आणि आपल्या पेटीखालच्या चारांतल्या दोन विटा काढून धाकटीच्या पेटीखाली सरकवल्या.

चूल एकच राहिली. निशिगंधाच्या शालूवरचा डाग काही गेला नाही, आणि खरं सांगायचं तर ती अजूनही जळते, परवाच जावेच्या नव्या चपलांवरून जळली. पण घरात ओल शिरते ती भिंतीतून आणि जमिनीतून, कुणाच्या डोळ्यांतून नाही. म्हणून जळायचं असेल तर जळा बापहो, फक्त पेटी विटांवर, अन् भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.