हँडलातली बाजरी

कडूबा मास्तर जालन्याहून वाटूरच्या शाळेत रोज मोटारसायकलने जात. हँडल इतकं थरथरे की पोचल्यावर तासभर हाताला मुंग्या येत आणि फळ्यावरचा 'क' पोरांना 'फ' वाटे. शेवटी मालनबाईंनी नवऱ्याला बजावलं, "आठ दिवसांत हँडल शांत करा, न्हाईतर गाडी विका आन् एसटीनं जा." मास्तरांचा जीव गाडीत अडकलेला.

मेस्त्री सर्जेराव म्हणाला, "नळी पोकळ हाये, म्हणून थरथरती. आत बारीक वाळू ठासा."

वाळूने लोखंड गंजेल, अशी मास्तरांना शंका. त्यांनी घरची बाजरी ठासून भरली आणि दोन्ही टोकांना चिंध्यांचे बोळे लावले. थरथर खरंच कमी झाली. 'क' पुन्हा 'क' दिसू लागला. मास्तर शीळ घालत घरी येऊ लागले. मधे तीन दिवस पावसाची झड लागली, तरी गाडी अंगणातच उभी राहिली.

आठव्या दिवशी सकाळी मालनबाईंची हाक आली. "अहो, जल्दी या. गाडीला कोंब फुटले!"

डाव्या मुठीच्या टोकातून हिरवेगार कोंब डोकावत होते. मास्तरांचं तोंड उतरलं.

"आता बाजरी काढावी लागंल. पुन्हा थरथर सुरू. विकतोच गाडी."

"आन् उभं पीक कुणी विकतं का?" पदर तोंडाला लावत मालनबाई म्हणाल्या. "सर्जेरावचं ऐका, वाळूच भरा. पण चाळून घ्या बरं, न्हाईतर पुढच्या महिन्यात हँडलाला गोखरूचे काटे यायचे."