कॅबिनच्या दाराखालची पाचर

मित्रांनो, मी एक जुनी पाचर आहे. लाकडाची, तिरकी, तळहाताएवढी. लॉ कॉलेजच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, एका सरांच्या कॅबिनच्या दाराखाली मी राहते.

मोडक्या बाकाच्या पायातून मला कापलं. त्या वर्षी कॉलेजात दोन नियम एकदम आले. आग पसरू नये म्हणून प्रत्येक दार आपोआप बंद झालं पाहिजे. आणि सर एकट्या विद्यार्थ्याला भेटत असतील, तर दार उघडं राहिलं पाहिजे. आता उघडं की बंद? जमलेले सगळे वकील! दुपारभर भांडले. "उघडं म्हणजे किती उघडं? व्याख्या दाखवा!" शेवटी प्राचार्यबाई वैतागल्या. "चहा गार झाला माझा. विद्यार्थी आत असेपर्यंत पाचर लावा आणि विषय संपवा."

सुरुवातीला काय थाट माझा! नव्या मुलांना मला मुद्दाम दाखवायचे. मीही कमी नव्हते. एका पाहुण्या न्यायाधीशांचा बूट असा अडकवला, की ते थेट कुंडीला साष्टांग नमस्कार घालून आले. पुढे कौतुक ओसरलं. कुणीतरी माझ्यानं झुरळही मारलं.

संध्याकाळी वर्ग सुटले, की मजल्यावरची दारं कुणी हात न लावता एकामागून एक मिटायची. सुस्स... खट्. सुस्स... खट्. ओळीतलं शेवटचं दार माझं. ते माझ्या पाठीवर हळूहळू रेटायचं, झोपेत जनावर कूस बदलतं तसं.

सर तेव्हाच कुणाला तरी बोलवायचे. बोलता बोलता बुटाच्या टोकानं मला कपाटाखाली सरकवायचे. बघणाऱ्याला वाटावं, चुकून पाय लागला. दार मिटायचं. मग आतून फक्त सरांचा हलका, गोड आवाज. नंतर बाहेर पडणारी पावलं आत आलेल्या पावलांसारखी नसायची.

सकाळी झाडणाऱ्या मावशी मला बाहेर ओढायच्या. "रोज कपाटाखाली कशी जाते गं ही? पाय फुटलेत का हिला? भुताटकी आहे, बाई!"

झालं! सगळ्या कॉलेजात मी भुताची पाचर म्हणून गाजले. पोरं माझ्याबरोबर फोटो काढायची. भूत माझ्यात नव्हतं, पण ते जिथं होतं तिथं कुणी बघेचना.

मग ती मुलगी आली. कुबडी घेऊन चालणारी. लिफ्ट बंद, परीक्षा वरच्या मजल्यावर. तिला खालची खोली हवी होती आणि त्यासाठी सरांची सही. सही नाही तर परीक्षा नाही. सर म्हणाले, "संध्याकाळी ये, बाळ."

ती आली. बूट लागला. मी कपाटाखाली. सुस्स... खट्.

"सर, ती पाचर..."

"भुताची आहे ती, आपोआप पळते," सर हसले. "बस ना. सहीची घाई कसली?"

ती बसली नाही. तिची कुबडी कपाटाखाली आली, अंधारात चाचपडली आणि मला ओढू लागली. माझ्याबरोबर बरंच काही निघालं. शर्टाचं बटण. चष्म्याची मोडकी दांडी. केसांची निळी क्लिप.

"पळाली नाही, सर. तुम्ही ढकललीत."

"कचरा आहे तो. मावशी नीट झाडत नाहीत."

"ही क्लिप माझ्या रूममेटची आहे," ती हळूच म्हणाली. "तिनं कॉलेज का सोडलं, ते कुणाला सांगितलंच नाही."

पंखा फिरत होता, पण हवा हलेना. मग तिनं दार खेचलं, मला खाली दाबलं आणि मजला दणाणून सोडला. "मावशी! ओ मावशी! इकडे या आधी!"

सही न घेताच ती एक एक पायरी उतरत प्राचार्यबाईंकडे गेली. क्लिप टेबलावर ठेवली. खालच्या खोलीच्या अर्जावर बाईंनीच सही केली. चौकशी लागली, तेव्हा रूममेट परत आली आणि बोलली. मग आणखी काही जण बोलले. सरांना कॉलेजातून काढलं.

आता त्या कॅबिनमध्ये दुसरे सर बसतात. चांगले आहेत म्हणे. दार मात्र रोज माझ्या पाठीवर तसंच रेटतं, त्याला माणूस कळत नाही. म्हणून सांगते, मित्रांनो, मला कुणी पायानं सरकवलं, तर 'चुकून लागला असेल' म्हणून गप्प बसू नका. उठा, दार उघडा, हाक मारा. मी लाकूड आहे, मला ओरडता येत नाही. तुम्हाला येतं.