बारा वाजताची तपासणी

मी पंखा बोलतोय. हवेचा नव्हे, पाण्याचा. आणि आधीच सांगून ठेवतो, आज माझं डोकं तापलेलं आहे, तेव्हा गोडीगुलाबीची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म महापेच्या एका शेडमधला. साताऱ्याकडच्या शहाजी नावाच्या फिटरने माझं एकेक पातं घासलं, तोललं आणि शेवटी बोटाने ढकलून मला फिरवलं. मी बराच वेळ थांबलोच नाही, तेव्हा तो स्वतःशीच हसला.

मला बसवलं नेरुळच्या मागे, खाडीकाठच्या तलावाच्या दारात. शहरातल्या नाल्यांचं पाणी या तलावात साठतं. खाडीला भरती आली की दार आपोआप मिटतं. ओहोटी लागली की उघडतं आणि साठलेलं पाणी माझ्यावरून खाडीत धावतं. त्या पाण्यावर मी फिरतो आणि वीज तयार होते. धूर नाही, कोळसा नाही. दिवसातून दोनदा काम, बाकी वेळ विश्रांती. एवढं कुणालाही कळेल, असा माझा समज होता.

माझ्या विजेवर जेट्टीवरची शीतपेटी चालते. तिची किल्ली जेट्टीवरच्या कोळीण सुमित्राबाईंच्या कमरेला. गावातल्या अकरा जणी आपली कोलंबी त्या पेटीत ठेवतात. पेटी नव्हती तेव्हा दुपारपर्यंत बर्फ वितळायचा आणि उरलेला माल खाडीत फेकावा लागायचा. पहाटे चिखलात कमरेपर्यंत उतरून धरलेला माल.

मग तपासणी आली. मी चालतो की नाही, हे दर पंधरा दिवसांनी लिहायचं काम पालिकेच्या विश्वजितसाहेबांकडे होतं. ते पहिल्यांदा आले पौर्णिमेला, भर दुपारी बारा वाजता.

सुमित्राबाई म्हणाल्या, "सायेब, आज पुनव हाय. बाराला पानी भरलेलं, दार मिटलेलं. चार वाजता या, मंग पंखा कसा पलतो ते बगा."

"चारला मीटिंग असते, मावशी. आणि मशीन म्हटलं की कधीही चाललं पाहिजे."

त्यांनी फोटो काढला आणि वहीत 'बंद' लिहिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा आले. त्या दिवशी अमावस्या, वेळ तीच बाराची. अमावस्येच्या दुपारीही खाडी तशीच काठोकाठ भरते, हे जेट्टीवर कुणीही सांगेल. साहेबांनी कुणाला विचारलं नाही. असे ते सहा वेळा आले आणि सहा वेळा 'बंद' लिहून गेले.

ते खोटं लिहीत होते असं मी म्हणत नाही. दिसलं तेच लिहिलं. पण जिचा जन्म या खाडीत गेला ती बाई सहाही वेळा तेच सांगत होती आणि सहाही वेळा हे गृहस्थ मोबाइलमध्ये डोकं घालून मान डोलावत होते. माझी तळपायाची आग मस्तकात जाते ती याने.

आज पुन्हा पौर्णिमा. बाराच्या ठोक्याला साहेब मला काढायचा कागद घेऊन आले, बरोबर फिटर. सही केली आणि गाडीत बसून गेले. फिटर जवळ आला. तो शहाजी होता.

"ह्यो म्याच बनवलाय, मावशी," तो म्हणाला.

"मंग काडू नको."

"ऑर्डर हाय. म्या न्हाई काढला तर दुसरा काढंल."

खाऱ्या पाण्याने बोल्ट गंजून घट्ट बसले होते. अडीच तासांत आठांपैकी पाच निघाले. सुमित्राबाई दाराच्या कट्ट्यावर बसून होत्या, पेटीची किल्ली मुठीत धरून. मग दार करकरलं. शहाजीने मान वर केली, तलावाकडे बघितलं आणि धावपळ करून पाचही बोल्ट परत आवळले. पाणी आलं आणि मी फिरू लागलो. त्याने साहेबांना फोन लावला.

"साहेब, चालतोय की. व्हिडिओ धाडू का?"

"आता सही झालीय, शहाजी. बंद असेल तेव्हा काढ."

"मग कधी येऊ?"

"पंधरा दिवसांनी. बारा वाजता."

शहाजीने फोन खिशात घातला. मग पाना पिशवीत टाकून निघून गेला.

आता चार वाजलेत. मी जीव तोडून फिरतोय. सुमित्राबाईंनी पेटी उघडली, कोलंबीवर हात ठेवला आणि रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "कोन बगतंय का?" रस्त्यावर कुणी नव्हतं.

माझ्याकडे पंधरा दिवस आहेत. तुम्हाला खरं-खोटं करायचं असेल तर कुठल्याही दिवशी या. फक्त कधी यायचं ते सुमित्राबाईंना विचारून या.