कोणत्या बाटलीत औषध?

किमो घेऊन घरी आली की रतनला पुढचे काही दिवस उलटीच्या घमेल्यापासून लांब जाता येत नसे. केस गेले, भुवया गेल्या, तोंडाची चव गेली. येरवड्याच्या त्या दीड खोलीत तिचा नवरा उत्तरेश्वर तिची पाठ चोळत बसायचा आणि मनातल्या मनात डॉक्टरांना शिव्या घालायचा. स्तनातली गाठ निम्म्याने कमी झाली आहे, आणखी थोडं सोसा, असं डॉक्टर सांगत होते. सोसत रतन होतीच. पण नुसतं बघत बसणं उत्तरेश्वरच्या स्वभावात नव्हतं.

उत्तरेश्वर मूळचा उस्मानाबादकडचा. हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांत काम करणाऱ्यांना ने-आण करायला गाड्या लागू लागल्या, तसा तोही एका सुमोच्या स्टिअरिंगमागे येऊन बसला. त्याच्या गाडीत रोज सकाळी डॉ. उत्कर्षा असायची. एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत ती संशोधक होती. हुशार, मेहनती, आणि फोनवर बोलताना पुढे एक माणूस बसलाय हे साफ विसरणारी!

"अगं, उंदरांमधले ट्यूमर गायब! टोटली गायब!" एके सकाळी ती मैत्रिणीला सांगत होती. "दोन प्रोटीन्स जोडून एक केलंय आम्ही. एक टोक कॅन्सरच्या पेशीला बरोब्बर चिकटतं आणि दुसरं टोक म्हणजे विष. पेशी खल्लास! क्युअर आहे गं हा, क्युअर!"

तिने उंदीर हा शब्द उच्चारला होता, हे खरं. पण तो उत्तरेश्वरच्या कानात शिरलाच नाही.

पाठोपाठ वर्तमानपत्रात तिचा फोटो झळकला. 'पुण्यात कॅन्सरवर रामबाण!' रामबाण हा शब्द वार्ताहराच्या पदरचा, पण तो दुरुस्त करायला बाईंनी काही फोन केला नाही. कौतुक कुणाला नको असतं?

उत्तरेश्वरने गाडी कडेला घेतली आणि हात जोडले. "मॅडम, एक बाटली द्या. माझ्या बायकोला हाय कॅन्सर."

"अहो, ते अजून माणसांसाठी नाहीये," उत्कर्षा घड्याळाकडे बघत म्हणाली. "होईल काही वर्षांत. चला, उशीर होतोय."

काही वर्षांत! उत्तरेश्वरने त्यातून एवढंच घेतलं, की औषध आहे, फक्त आपल्यासारख्यांना मिळणार नाही. घरी जाऊन त्याने रतनला बजावलं, "किमोबिमो बास. खरं औषध आणतो मी." तिलाही सुटल्यासारखं झालं. ठरलेल्या दिवशी ती हॉस्पिटलला गेली नाही, पुढच्या खेपेलाही नाही. तो मॅडमना विनवत राहिला. मॅडम तक्रार करून, गाडी बदलून मोकळ्या झाल्या. आणि इकडे रतनच्या काखेत नवी गाठ आली.

ती गाठ हाताला लागली त्या दुपारी उत्तरेश्वरने गाडीतून टॉमी काढली. चाक बदलताना वापरतात तो लोखंडी दांडा.

प्रयोगशाळेच्या दारावरच्या रखवालदाराने हात आडवा घातला. उत्तरेश्वरने त्या हातावरच टॉमी हाणली, आणि हाड मोडल्याचा आवाज आतपर्यंत गेला. काचेचं दार फोडून तो घुसला. पिंजऱ्यांची मांडणी त्याने लाथेने उलथवली, डबे फुटले, पांढरे उंदीर सैरावैरा धावले, कित्येक त्याच्याच बुटांखाली चिरडले गेले. भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या उत्कर्षाचे केस धरून त्याने तिला फ्रिजपाशी फरफटत नेलं.

"काढ औषध!"

तिने बाटल्यांचा ट्रे बाहेर काढला. सगळ्या एकसारख्या, आत पाण्यासारखं काहीतरी, वर फक्त नंबर.

"यातलं औषध कोणतं?"

"मला माहीत नाही."

फाडकन तिच्या कानाखाली बसली. "तूच बनवलं आन् तुलाच म्हाईत न्हाई?"

"खरंच नाही हो! काहींत औषध आहे, काहींत नुसतं मिठाचं पाणी. कशात काय, ते प्रयोग संपेपर्यंत आम्हालाही कळू देत नाहीत!"

उत्तरेश्वरला वाटलं, ही आपल्याला अडाणी समजून खेळवतेय. त्याने टॉमी उगारली. उत्कर्षाने हात मध्ये घातला म्हणून डोकं वाचलं, पण मनगट मोडलं. तिची किंकाळी ऐकून माणसं धावली आणि त्याच्या हातातला दांडा बघून दारातच थिजली.

"मारा, मारा! ती मेली की बायको बरी होईल तुमची!"

पुढे आल्या त्या अख्तरबानू. प्राणिशाळेच्या डॉक्टर. उत्तरेश्वरच्या विनवण्या त्यांनी उत्कर्षाकडून ऐकल्या होत्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या कसबा पेठेतलं, जीभही तिथलीच. हातात एक डबा होता.

"तिला खरंच माहीत नाही. माहीत असलं की माणसाला हवं तेच दिसतं, म्हणून नंबर घालतात. मागच्या प्रयोगाचं मात्र आम्हाला सगळं माहीत आहे. या, बघून घ्या तुमचा रामबाण." त्यांनी झाकण काढलं. "पेपरात आलेल्या उंदरांतला हा शेवटचा. गाठ दिसतेय? नाही ना? गेली. आज सकाळी हाही गेला. विषाने आधी गाठ खाल्ली, मग यकृत. बाकीचे तर कधीच नाकातोंडातून रक्त येऊन मेले."

उत्तरेश्वरने उत्कर्षाकडे पाहिलं. "तुमाला ठावं होतं?"

"हो," ती कशीबशी म्हणाली. "वाटलं, डोस कमी केला की जमेल. म्हणून ते... सांगितलं नाही."

"बायकोचं किमो चालू आहे ना?" अख्तरबानूंनी विचारलं.

"निम्मी गाठ गेली हुती, पर बंद केलं."

"वा! गाठ निम्मी करणारं औषध सोडून दिलंत आणि हे पळवायला आलात! यातली एक बाटली तिला टोचली असतीत, तर काय झालं असतं, माहितीये? नशीब चांगलं असतं तर मिठाचं पाणी. नाहीतर मरण! तुमच्याच हातून!"

टॉमी खणकन खाली पडली. चिरडलेल्या उंदरांमध्ये फतकल मारून तो धिप्पाड माणूस लहान मुलासारखा रडू लागला. "रतन, काय केलं गं म्या!"

पोलीस त्याला घेऊन गेले. उत्कर्षाने तक्रार मागे घेतली नाही. रखवालदाराचा हात कायमचा अधू झाला होता, त्याच्या वतीने माफ करणारी ती कोण? पण प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून ती येरवड्याला गेली आणि रतनला स्वतः हॉस्पिटलात घेऊन आली. वर्तमानपत्राला तिने कळवलं, की उंदरांच्या गाठी गेल्या आणि उंदीरही गेले. ती बातमी आतल्या पानावर, कोपऱ्यात छापून आली.

वाचकहो, कुणावर दांडा उगारल्याने आजवर एकही रोगी बरा झालेला नाही. चालू असलेले उपचार कुणाच्या ऐकीव चमत्कारापायी सोडू नका. आणि ज्यांना ज्ञान आहे त्यांनी यशाबरोबर अपयशही तितक्याच मोठ्याने सांगावं, कारण अर्धं सांगितलेलं खरंही माणसाचा घात करतं.

किमोची सुई लावून झाल्यावर रतनने विचारलं, "बाई, तुमचं ते औषध व्हईल का कधी माणसासाठी?"

"माहीत नाही," उत्कर्षा म्हणाली. "प्रयत्न चाललेत. कदाचित होणारही नाही."

रतन तिच्याकडे वळली.

"हेच तुमी गाडीत बोलला असता, तर माझा माणूस आज हितं माझ्यापाशी असता."