संपदाची शिक्षा

बँकेच्या बदल्यांपायी वसंतराव जयपुरात आले तेव्हा त्यांची संपदा चार वर्षांची होती. आता ती बावीसची, आणि कॉल सेंटरमध्ये बसून अमेरिकेतल्या लोकांचे रुसलेले प्रिंटर फोनवरून चालू करून द्यायची. वसंतरावांना कॉल सेंटर ठाऊक होतं ते दिवाळी अंकांतून. तिथल्या कथेतली अशी मुलगी तिसऱ्या पानावर सिगारेट ओढते, पाचव्यावर घर सोडते आणि शेवटी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडते. लिहिणाऱ्यांनी कधी कॉल सेंटरचा जिना तरी चढला होता का, देव जाणे!

"दिवाळीपर्यंतच हं," त्यांनी बजावलं होतं. "मग राजीनामा."

बाबांना छापलेलंच पटतं ना, मग आपणच लिहू, असं संपदाने ठरवलं. तिचं मराठी घरात बोलण्यापुरतं, शाळा सगळी हिंदीतली. तरी महिनाभर खपून तिने जयपुरातल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कथा लिहिली. नायिका फोनवर शिव्या खाते, डगमगत नाही, बढती मिळवते. शेवटचं वाक्य तिने तीनदा घोटलं: 'या नोकरीने मला जी शिक्षा दिली, ती मी जन्मभर विसरणार नाही.'

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत काय, हे लिहिताना तिच्या डोक्यातही आलं नाही. संपादक जयंतकाकांना ते वाक्य इतकं भिडलं की त्यांनी कथेला नावच 'शिक्षा' दिलं. करायला गेली गणपती आणि झाला मारुती!

अंक आला त्या दुपारी वसंतरावांनी कथा दोनदा वाचली. चष्मा काढून डोळे पुसले.

"एवढं सोसलंस आणि बोलली नाहीस, पोरी?"

"बाबा, शिक्षा मतलब शिक्षण! मला म्हणायचं होतं..."

"आता सारवासारव नको. कागदावर खरं उतरलंय तुझं."

ते रागावले असते तर ती कडाकडा भांडली असती. या मायेशी कसं भांडणार?

पाचला फाटकाशी ऑफिसच्या गाडीचा हॉर्न वाजला. संपदा पर्स घेऊन धावली, पण वसंतराव आधीच पोहोचले होते.

"अब नहीं आएगी, भैया. बहुत सह लिया बच्ची ने."

ड्रायव्हरने यादीतल्या तिच्या नावावर काट मारली आणि खातीपुऱ्यातल्या पुढच्या मुलीला घ्यायला गाडी वळवली. संपदा फाटकातच उभी राहिली. वसंतरावांनी तिच्या खांद्यावरची पर्स हळूच काढून घेतली.