चौथ्या कोपऱ्यावरचा वरवंटा

मित्रांनो, मी एक जुना वरवंटा आहे. पण माझ्याजवळ पाटा नाही आणि कित्येक वर्षांत माझ्या अंगाला मिरचीचा वासही लागलेला नाही. नाशिक रोडला, स्टेशनामागच्या एका वस्तीत, गोधडीच्या कोपऱ्यावर बसून राहणे हा माझा व्यवसाय होता. तो मला कसा मिळाला आणि कसा सुटला, हे मी तुम्हाला सांगणार आहे. गोड कहाणीची अपेक्षा ठेवू नका. मी दगड आहे आणि ज्या घरात मी राहिलो, तिथली माणसे माझ्याहून मऊ नव्हती.

घोटीच्या बाजूला एका पाथरवटाने मला काळ्या खडकातून घडवले. तो प्रत्येक घावाबरोबर एक शिवी हासडत असे. दगड ठिसूळ निघू नये म्हणून असे करतात, अशी त्याची समजूत होती. बाजारच्या दिवशी एका शेतकरी बाईने मला पाट्यासह विकत घेतले. पुढे तिचे दोन मुलगे, नाथा आणि सोमनाथ, कामासाठी नाशिक रोडला आले, तेव्हा टेम्पोत भांड्यांच्या मध्ये बसून मीही आलो. त्या काळात माझा मान मोठा होता. काळा मसाला, लसणाची चटणी, वड्यांची डाळ, सारे माझ्याखालून जात असे. बारशाला मला तेल लावून, टोपडे घालून पाळण्यात निजवत. वाटून वाटून माझी एक बाजू सपाट झाली. घरातल्या दोन सुनांचे हात त्या झिजेत मिसळलेले आहेत. थोरली कुसाबाई, धाकटी ठकूबाई.

पुढे म्हातारी, म्हणजे मला विकत घेणारी तीच बाई, गेली आणि भावांनी वाटणी केली. खोल्या, हंडे, पितळी डबे, सारे शांतपणे विभागले गेले. शेवटी पाटा-वरवंटा उरला.

"तो थोरलीकडं राहतो. रीत हाय," कुसाबाई म्हणाली.

"रीत बरी आठवली," ठकूबाई म्हणाली. "म्हातारीला शेवटपत्तर वाटून कोण घालत व्हतं?"

"घालत व्हतीस, का आधी चाखत व्हतीस?"

आजारी सासूच्या घासातला घास खाल्ल्याचा तो आरोप होता.  ठकूबाईने पाटा उचलून कमरेवर घेतला आणि ती चालू लागली. कुसाबाईने मला पदराखाली घट्ट धरले. अशा रीतीने एकीकडे पाटा गेला, दुसरीकडे वरवंटा राहिला, आणि दोन्ही घरांत वाटण बंद पडले. दोघींनी मिक्सर घेतले. अंगणात कमरेएवढी भिंत उभी राहिली आणि दोघी जावांचे बोलणे संपले.

कुसाबाई गोधड्या शिवून देत असे. लोक घरातली जुनी पातळे आणून देत आणि ती त्यांचे थर लावून, आडव्या ओळींचे बारीक टाके घालून गोधडी करी. पूर्वी हे काम दोघी मिळून करत. एक टाके घाली. दुसरी समोरच्या टोकाला बसून कापड ताणून धरी. वाटणीनंतर ते टोक रिकामे पडले. आता एका कोपऱ्यावर कुसाबाईचा गुडघा असे, दुसरा कोपरा दोऱ्यांच्या डब्याखाली, तिसरा कपाटाच्या पायाखाली, आणि चौथ्यावर, ठकूबाईच्या जागी, मी. सपाट बाजूमुळे मी गडगडत नसे.

"माणसापरीस धोंडा बरा," येणाऱ्या-जाणाऱ्यांना कुसाबाई सांगे. "जागचा हालत नाय आन् उलटून बोलत नाय."

हे ती भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा बेताने म्हणे. लगेच पलीकडे मिक्सर सुरू होई. कधीकधी तो रिकामाच फिरतो आहे, हे मला आवाजावरून कळे. मित्रांनो, मला ती स्तुती आवडत असे. दगडाचे कौतुक होऊ लागले की कुठेतरी माणसाची निंदा चालली आहे, हे समजायला मला फार वेळ लागला.

यंदा दसऱ्यापासून घरात गाठोड्यांचा ढीग लागला. दिवाळीपूर्वी प्रत्येकाला आपली गोधडी हवी होती. त्यात वेदिका आली. ती पलीकडच्या कॉलनीत राहते, नोकरी करते. तिची आई श्रावणात वारली होती. तिने आईची पातळे जमिनीवर ठेवली, पण त्यांवरचा हात लवकर काढला नाही.

"मावशी, भाऊबीजेला कळवणला जायचंय. भावाच्या अंगावर आईची पातळं घालायची आहेत. तिची एवढीच उरली आहेत. बाकी सगळी वाटून टाकली आम्ही, आणि आता वाईट वाटतं."

"पहिल्या अंघोळीला तुझ्या हातात देते," कुसाबाई म्हणाली. तिने आजवर शब्द मोडलेला नव्हता.

ती गोधडी सर्वांत मोठी होती आणि पातळे वापरून वापरून सायीसारखी झाली होती. कुसाबाईने ती शेवटी घेतली. घाईत घेतली. धनत्रयोदशीच्या दुपारी हातभर काम उरले, तेव्हा कोपरा दुमडण्यासाठी तिने मला उचलले, आणि तिचा हात तसाच थांबला. माझ्याखाली बोटाएवढी जाड सळ होती.

तुम्हाला हे समजावून सांगायला हवे. टाके जसजसे पुढे येतात, तसतसे आतले सैल कापड थोडे थोडे पुढे सरकते. समोर माणूस बसलेला असला, तर तो ते बोटांनी बाहेर काढत राहतो. इथे ताणतो, तिथे सोडतो. मी कोपरा जखडून बसलो होतो. सरकणारे कापड माझ्यापाशी येऊन अडले आणि साचत गेले. दाबून धरणे मला येते. सोडत सोडत धरणे मला येत नाही.

"मेल्या, तुला कशाला बसवला व्हता?" कुसाबाईने मला फरशीवर आदळले. फरशीची कपची उडाली. मी दोषी होतो, परंतु मला तिथे बसवणारे हात माझे नव्हते.

तिने शेवटच्या ओळी उसवल्या आणि नवऱ्याला हाक मारली. नाथा अंगणात आकाशकंदील टांगत होता.

"अवो, या इकडं. ते टोक धरा. वढा. एवढं नाय. सैल सोडा. आता वढा."

"एक काय ते सांग. वढू का सोडू?"

"दोन्ही."

"दोन्ही एकदम तुझ्या बापानं तरी केलं व्हतं का?" नाथा म्हणाला आणि त्याने रागाने हिसका दिला.

काठाजवळ पातळ टरकले. आवाज लहान होता, पण तो ऐकून दोघेही निश्चल झाले. भिंतीपाशी धुणे वाळत घालणारी ठकूबाईही थांबली.

"दादा, बैलाचं दावं नाय ते," ती म्हणाली. "मेलेल्या बाईचं पातळ हाय."

नाथाने टोक टाकून दिले. "तुमचं तुम्ही बघा दोघी," असे म्हणून तो कंदील घेऊन वायर आणायच्या निमित्ताने बाहेर निघून गेला.

कुसाबाई फाटलेल्या जागेवर तळवा ठेवून बसली. ते पातळ विकत मिळणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी वेदिका येणार होती. भिंतीकडे न बघता, माझ्याकडे बघत, ती म्हणाली, "वरवंट्या, लोकांना म्हणावं, आपापल्या घरात बघा."

"वरवंट्या," भिंतीवरून उत्तर आले, "तुझ्या मालकिणीला सांग, सळ टोकाला नाय, आत हाय. टोक उसवून काय उपेग? अजून मागं जावं लागंल."

"वरवंट्या, म्हणावं, मला दिसतं."

"दिसत असतं तर धोंड्याच्या भरवशावर बसली असती व्हय?"

त्या दोघी वाटणीनंतर प्रथमच बोलत होत्या, आणि त्यांच्यामध्ये मी पडलो होतो. कुसाबाईने कापडावरून बोटे फिरवली. सळ खरोखरच मागून, पार मधल्या ओळींपासून सुरू झाली होती. ती पुन्हा उसवू लागली. बराच वेळ फक्त दोरा तुटल्याचा आवाज येत राहिला. मग तिने हात थांबवला.

"वरवंट्या," ती म्हणाली.  "विचार, हात मोकळे हायत का."

"नायत मोकळे. करंज्या तळायच्यात," ठकूबाई म्हणाली आणि आत गेली.

कुसाबाईने मान खाली घातली. ती रडली नाही. तिने मला जवळ ओढले, कोपऱ्यावर ठेवले, पुन्हा काढले. काय करावे हे तिला सुचत नव्हते, आणि मला सुचून उपयोग नव्हता.

थोड्या वेळाने दारात सावली पडली. ठकूबाई भिंत ओलांडून न येता, रस्त्याने वळसा घालून, पाहुण्यासारखी समोरून आली होती. तिच्या मनगटाला मैदा लागलेला होता.

"धोंड्यानं बोलावलं म्हणून आले," ती म्हणाली. "माणसानं बोलावलं असतं तर आले नसते. आन् तुझ्यासाठी तर नायच. त्या पोरीच्या आईच्या कापडासाठी."

"हात पूस आधी. डाग पडंल."

"मला शिकवू नको." तिने हात पुसले, मला एका हाताने उचलून बाजूला ठेवले आणि माझ्या जागी बसली.

मित्रांनो, मला तेव्हा अपमान वाटला. आजही थोडा वाटतो. पण मी बाजूला बसून जे पाहिले, ते कोपऱ्यावर बसून कधी पाहिले नव्हते. ओढ, सोड असे कुणी कुणाला सांगत नव्हते. कुसाबाईची सुई कापडात शिरायच्या आधी ठकूबाईची बोटे सैल पडत आणि दोरा वर आला की पुन्हा ताणली जात. तोंडे मात्र एकमेकींना ओरबाडत होती. फाटलेल्या जागी कुसाबाईला रफू हवे होते, ठकूबाईला ठिगळ. रफू टिकणार नाही, असे एकीचे म्हणणे. ठिगळ भिकाऱ्यासारखे दिसेल, असे दुसरीचे. अखेर त्याच पातळाच्या पदराची पट्टी काढून तिथे ठिगळच लावले गेले, आणि कुसाबाईने ते मुद्दाम इतक्या बारीक टाक्यांनी लावले की ठकूबाईला बोलायला जागा उरू नये.

सळ निघाली. कापड पाट्यासारखे सपाट झाले. तेव्हा ठकूबाई म्हणाली, "चाखत व्हते म्हणली व्हतीस."

सुई थांबली नाही. "रागात बोलले."

"रागात खरंच बोलतात लोक."

"मग आता बी रागातच सांगते. चाखत नव्हतीस. म्हातारी तुझ्याच हातचं खायची. माझ्या हातचं ताट परत यायचं. त्याचाच राग व्हता."

"हे तवाच बोलायचं."

"तवा राग व्हता ना."

"आन् आता?"

"आता बी हाय. दोरा धर."

ठकूबाईने दोरा धरला.  तिने क्षमा केली, असे मी म्हणणार नाही. मला ती कुठे दिसली नाही.

त्या घरात एक रीत आहे. गोधडी उपाशी जाऊ नये म्हणून शेवटचा कोपरा मिटवण्याआधी त्यात चिमूटभर तांदूळ ठेवतात. कुसाबाई डब्याकडे वळली, तोच ठकूबाईने कनवटीची पुरचुंडी सोडली.

"घोटीचा हाय. माझ्या भावानं धाडलेला."

"माझ्या घरात तांदूळ नाय का?"

"तुझा रेशनचा."

कुसाबाईने तिच्याकडे रोखून पाहिले, उठली, आपल्या डब्यातली चिमूट घेऊन आली आणि तिच्या तांदळावर टाकली. ठकूबाईने आणखी एक चिमूट टाकली. कोपरा चांगलाच फुगला आणि तो शिवताना दोघींना सुईवर जोर द्यावा लागला.

एवढी मोठी गोधडी एकटीला घडी करता येत नाही. दोघींनी दोन-दोन टोके धरली, झटकली आणि एकमेकींच्या दिशेने चालत आल्या. प्रत्येक घडीला त्या अधिक जवळ येत होत्या. शेवटी कापड संपले आणि मध्ये फक्त हात राहिले. दोघींनी दुसरीकडे पाहिले.

"चहा टाकते," कुसाबाई म्हणाली.

"नको. तू साखर लय वततीस," म्हणून ठकूबाई आल्या वाटेने निघून गेली.

पहिल्या अंघोळीच्या सकाळी वेदिका आली. तिने गोधडी गालाला लावली. मग ठिगळावर बोट ठेवून तिने विचारले, "इथं काय झालं, मावशी?"

"माझ्या घरात फाटलं. माझी चूक. तुझ्या आईच्या पदरानंच जोडलंय."

वेदिकाने त्या पट्टीवरून अंगठा फिरवला. "चालेल. ती पण अशीच जोडायची. एवढी मोठी एकटीनं केलीत?"

 भिंतीपलीकडे रांगोळीचा डबा ठेवल्याचा आवाज झाला.

"नाय," कुसाबाई जोरात म्हणाली. "दोघींनी. समोरचं टोक माझ्या जावंनं धरलं व्हतं."

"एवढं वरडायला नको," पलीकडून आवाज आला. "बहिरी नाय मी."

मित्रांनो, तेव्हापासून मी नळाजवळ पडून आहे. माझ्यावर शेवाळ धरू लागले आहे. चौथ्या कोपऱ्यावर ठकूबाई बसते आणि दोघी दिवसभर भांडतात. दोऱ्याच्या रंगावरून, टाक्याच्या अंतरावरून, चहाच्या साखरेवरून. गोधडीत सळ पडत नाही. तुमच्या घरातही कुणा माणसाच्या जागी एखादा धोंडा आणून बसवलेला असेल. तो हलत नाही, उलटून बोलत नाही, म्हणून तुम्ही त्याचे कौतुकही करत असाल. त्याला वेळेवर उचला आणि बाजूला ठेवा. त्याच्या मनाचा विचार करू नका. बिनकामाचे पडून राहणे आम्हा दगडांना चांगले जमते; माणसांना ते जमत नाही.