तोर्स्टेनचा श्वास

रविवारी दुपारी दोनच्या सुमाराला मायलिसच्या गॅरेजात एकतीस माणसं उभी होती. बाहेर उणे सव्वीस, आत उणे आठ-नऊ. सगळे कोट, टोप्या, लोकरीचे हातमोजे घालून एकमेकांना चिकटून उभे. प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती, पण थंडीबद्दल एकाचीही कुरकुर नव्हती. थंडी बघायलाच तर ते आले होते.

मधोमध एका बुटक्या स्टुलावर मेणबत्ती जळत होती. तिच्या एका अंगाला गॅरेजचं मोठं दार, दुसऱ्या अंगाला घरात जाणारं छोटं दार. छोट्या दाराजवळ खुर्चीत मायलिस बसली होती, गुडघ्यांवर मेलेल्या नवऱ्याचं जाकीट पसरून. आणि तिच्या मागे, दाराला पाठ टेकून, सुंदेलिन.

"तोर्स्टेन," सुंदेलिन मऊ आवाजात म्हणाला, "तू आला आहेस का?"

ज्योत सरळ होती. क्षणभर तशीच राहिली. मग हळूहळू कलली, थेट मायलिसच्या दिशेने. त्याच वेळी मोठ्या दाराखालून फुर्र फुर्र असा आवाज आला, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. मागच्या रांगेत कुणीतरी रडायला लागलं.

टायरांच्या मांडणीला टेकून उभी असलेली गुनवोर रडली नाही. तिने या गावात अडतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं होतं. समोरच्या लोकांतले निम्मे तरी तिच्या हाताखालून गेले होते, आणि साठीला टेकलेले पुरुषही तिला अजून 'बाई' म्हणत. मायलिस तिची धाकटी बहीण, सात वर्षांनी लहान. मायलिसला खोकल्याची उबळ आली तेव्हा जमलेल्या लोकांपैकी कुणाचंच लक्ष गेलं नाही, कारण सगळे ज्योतीकडे बघत होते.

तोर्स्टेन ऑक्टोबरच्या शेवटी गेला. गाडीला बर्फासाठीचे हिवाळी टायर चढवता चढवता छातीत कळ आली आणि तो तिथेच, सिमेंटच्या जमिनीवर पडला. मायलिस जेवायला हाक मारायला गेली तेव्हा तो गार पडला होता. नंतर आठवड्याभराने, मृतांच्या दिवशी, तिने तो पडला त्या जागी मेणबत्ती लावली. ज्योत तिच्याकडे वाकली. दुसऱ्या दिवशी तेच. तिने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने दुकानात सांगितलं, आणि पंधरवड्याच्या आत निळ्या गाडीतून सुंदेलिन उतरला.

त्याचं बोलणं ऐकण्यासारखं असे. तो 'मेलेले' म्हणत नसे, 'पलीकडे राहायला गेलेले' म्हणे. जणू त्यांनी नुसता पत्ता बदलला होता. पलीकडच्यांना शरीर नसतं, म्हणून ऊब नसते, म्हणून ते थंडीतून बोलतात. जितकी कडक थंडी तितका स्पष्ट आवाज. घरात चूल मात्र धगधगती हवी, म्हणजे त्यांना घर ओळखू येतं. खिडक्या बंद हव्यात, नाहीतर ते चुकून दुसरीकडे जातात. आणि गॅरेजच्या दाराखालची फट चुकूनही बुजवायची नाही, कारण तो त्यांचा रस्ता. हे सगळं तो असं सांगे की जणू पलीकडच्या नगरपालिकेत त्याने काही वर्षं नोकरीच केली होती.

तो एक पैसा घेत नसे. लोकांना यातच त्याचा खरेपणा दिसे. तो मायलिसच्या पाहुण्यांच्या खोलीत राहत होता, आणि त्याने 'दोन्ही जगांत पाय ठेवून उभं राहण्याने फार भूक लागते' असं सांगितल्यापासून गावातल्या बायका आळीपाळीने त्याच्यासाठी रेनडियरच्या मांसाचा रस्सा आणि दालचिनीचे पाव आणत होत्या.

सगळ्यात पक्का विश्वास एवर्टचा. एवर्ट गावाचा बर्फ काढायचा ट्रॅक्टर चालवी. आडदांड माणूस. आठ वर्षांपूर्वी त्याचा तरुण मुलगा तळ्यावरच्या बर्फाखाली बुडाला होता. सुंदेलिनने तोर्स्टेनला विचारून सांगितलं, पोराला आता थंडी वाजत नाही. त्या दिवसापासून एवर्टला झोप लागायला लागली होती. गुनवोरने त्याला एकदा दुकानाबाहेर गाठून विचारलं, की ज्योतीला 'हो' आणि 'नाही' एवढंच येतं, मग इतकं सगळं तिने कसं सांगितलं. एवर्ट म्हणाला, "बाई, तुम्ही माझं पोर शिकवलंत. आता एवढं राहू द्या."

तिने ते राहू दिलं. पण मायलिस रोज तीन-तीन तास त्या गॅरेजात बसत होती. नाताळ उलटला तसा तिचा खोकला छातीत उतरला. डॉक्टरकडे जाऊया म्हटलं की ती म्हणे, "ताई, मी दिवसभर बाहेर राहिले आणि तो येऊन गेला तर?"

बुधवारी सकाळी गुनवोर बहिणीकडे गेली तेव्हा मायलिस तापाने झोपली होती. सुंदेलिन कुणाच्या तरी घरी न्याहारीला गेला होता. चुलीसाठी लाकडं आणायला म्हणून गुनवोर गॅरेजात उतरली. तिथे लाकडांच्या ढिगाशी ती थांबली, खिशातून काडेपेटी काढली, एक काडी पेटवून फुंकर मारून विझवली आणि धूर बघत उभी राहिली.

छोटं दार घट्ट लावलेलं होतं. धूर सरळ वर गेला. तिने दार बोटभर उघडलं आणि दुसरी काडी विझवली. धूर आडवा झाला आणि त्या फटीतून घरात घुसला, कुणी ओढून घेतल्यासारखा.

मग ती गुडघ्यांवर बसली आणि मोठ्या दाराच्या तळाशी उघडा हात फिरवत गेली. खालची रबरी पट्टी वर्षांनुवर्षांच्या थंडीने काठीसारखी कडक झाली होती. डाव्या कोपऱ्यात जमीन खचली होती आणि पट्टी उंदरांनी कुरतडली होती. तिथे तीन बोटांची फट होती, बाहेरचा उजेड आत येत होता. पट्टीचा सुटलेला तुकडा वाऱ्याने थरथरत होता. फुर्र फुर्र.

एवढंच होतं ते. चुलीतली गरम हवा धुराड्यातून वर जाते, तिच्या जागी दुसरी हवा लागते. घराच्या खिडक्या तोर्स्टेनने सप्टेंबरातच पट्ट्या चिकटवून बंद केल्या होत्या. गॅरेजचं दार राहून गेलं, त्याआधी तोच गेला. मग घर हवा ओढणार कुठून? गॅरेजातून. बाहेर थंडी जितकी जास्त तितकी ओढ जास्त. कडी न लावलेलं छोटं दार आपोआप बोटभर उघडे, आणि सुंदेलिन त्याला पाठ लावून उभा राही. पाठ रेटली की ज्योत सरळ, पाठ सैल सोडली की ज्योत मायलिसकडे. सातवीच्या पोरांना ती हे धडे एका तासात शिकवत असे.

ती तशीच दुकानात गेली आणि पाच मीटर नवी रबरी पट्टी घेऊन आली. दोन तासांचं काम होतं. पण पट्टी तिने मायलिसला दाखवली तेव्हा मायलिस पांघरूण फेकून उठली. तापाने तिचे डोळे चकाकत होते.

"तू त्या दाराला हात लावलास तर मी तुझं तोंड बघणार नाही," ती म्हणाली.

गुनवोर थांबली. बहिणीच्या शब्दाखातर थांबले, असं तिने स्वतःला सांगितलं. पण आणखी एक कारण होतं, आणि ते तिला तेव्हाही ठाऊक होतं. तिला हे सगळ्यांसमोर दाखवायचं होतं. सुंदेलिनला वर्गासमोर उभं करायचं होतं. रविवारला चारच दिवस होते.

तर त्या रविवारी, ज्योत वाकली आणि मागे कुणीतरी रडायला लागलं, तेव्हा गुनवोर मांडणीपासून पुढे आली.

"सुंदेलिन, तुम्ही तासभर उभे आहात. जरा बसा. दाराशी मी उभी राहते."

सुंदेलिन हसला. म्हणाला, की हा उंबरठा सांभाळणं सोपं नाही, नवख्या माणसाच्या जिवाला धोका असतो.

"माझं वय एकाहत्तर आहे," गुनवोर म्हणाली. "धोक्याचं आता फारसं वाटत नाही. सरका."

दोघं-तिघं हसले. एवढ्या लोकांसमोर म्हातारीशी झोंबाझोंबी करणं त्याला बरं दिसणार नव्हतं. तो सरकला. गुनवोर दाराला पाठ लावून उभी राहिली.

"तोर्स्टेन," ती म्हणाली, "मी विचारते त्याचं खरं उत्तर दे. तुझं लग्न माझ्याशी झालं होतं ना?"

तिने पाठ सैल सोडली. ज्योत वाकली.

"आणि तू आयुष्यभर दारूचा थेंबही घेतला नाहीस?"

ज्योत पुन्हा वाकली. आता बरेच जण हसले, कारण तोर्स्टेनला ते सगळे ओळखत होते. गुनवोरने पाठ रेटली, ज्योत सरळ झाली. सैल सोडली, वाकली. तिने असं तीन-चार वेळा केलं, मग बाजूला होऊन दार आणि त्याची फट सगळ्यांना दाखवली. चूल, धुराडं, हवा, सगळं सांगितलं, पूर्वी फळ्यासमोर सांगायची तसं. शेवटी तिने कोपऱ्यातली घोंगडी उचलली, मोठ्या दाराच्या फटीत घट्ट कोंबली आणि छोटं दार सताड उघडलं. फुरफुर थांबली. ज्योत टाचणीसारखी ताठ उभी राहिली.

"श्वास कोंडलात तुम्ही त्याचा," सुंदेलिन म्हणाला, पण त्याचा आवाज पहिल्यासारखा मऊ नव्हता. लोक त्याच्याकडे वळून बघू लागले. गुनवोरला आयुष्यात फार थोड्या वेळा इतकं समाधान वाटलं होतं.

मग मायलिस उठली. जाकीट गुडघ्यांवरून खाली पडलं. ती भिंतीला धरत धरत मोठ्या दारापर्यंत गेली, खाली बसली आणि दोन्ही हातांनी घोंगडी ओढू लागली. घोंगडी निघेना. गॅरेजभर तिच्या छातीतला घरघर आवाज ऐकू येत होता.

"मायलिस, वारा आहे तो नुसता," गुनवोर म्हणाली.

"माहीत आहे मला," मायलिस म्हणाली. "मी काय खुळी आहे? येऊ दे त्याला."

घोंगडी निघाली. ती फटीला गाल लावून जमिनीवर आडवी झाली आणि खोकत राहिली. आता कुणी हसत नव्हतं. एवर्टने तिला उचललं तेव्हा ती पिसासारखी हलकी झाली होती, असं तो नंतर सांगत असे.

रुग्णवाहिका नव्वद किलोमीटरवरून आली. दोन्ही फुफ्फुसं भरली होती. चार-पाच दिवस आधी आणलं असतं तर, असं डॉक्टरीण म्हणाली आणि वाक्य पुरं न करता कागदांकडे वळली. गुनवोर आठ दिवस पलंगाशेजारी बसून होती. मायलिस तिच्याशी भांडली नाही, बोललीही नाही. एकदाच म्हणाली, "अकरा आठवडे तो मला उत्तर देत होता. त्याच्याऐवजी तू काय आणलंस?" गुनवोरने तिचं पांघरूण नीट केलं. नवव्या दिवशी पहाटे मायलिस गेली.

सुंदेलिनला कुणी जाब विचारला नाही. त्याने बॅग भरली आणि तो गेला, पण फार लांब गेला नाही.

फेब्रुवारीच्या मध्याला, एका लख्ख उन्हाच्या सकाळी, गुनवोर रिकाम्या घरी गेली आणि गॅरेजच्या दाराला नवी पट्टी लावू लागली. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. जुनं रबर खरवडून काढलं, खोबणी पुसली, पट्टी थोडी थोडी करून आत सरकवली. खचलेल्या कोपऱ्यात जाड तुकडा दुमडून बसवला. दार खाली ओढलं, हात फिरवून पाहिला. कुठेही वारा लागला नाही.

बाहेर ट्रॅक्टर थांबला. एवर्ट घरातून छोट्या दाराने आत आला, टोपी काढून उभा राहिला. त्याचं लक्ष पट्टीकडे गेलं.

"बाई, तुम्हाला सांगावं की नको, कळत नव्हतं," तो म्हणाला. "सुंदेलिन माझ्याकडे राहायला आलाय. मायलिस बोलली त्याच्यापाशी. तिने तुम्हाला माफ केलं म्हणे."

गुनवोरचा हात दाराच्या कडीवरच राहिला. कोणत्या शब्दांत, एवढंच तिला विचारायचं होतं. नक्की काय म्हणाली, 'ताई' म्हणाली का. पण अडतीस वर्षांच्या शिकवण्याने तिला अडवलं, आणि तिने दुसराच प्रश्न विचारला.

"तुझ्या गॅरेजला पट्टी आहे ना, एवर्ट?"

"काल काढली. त्याने सांगितलं." मग म्हणाला, "रविवारी दोनला. तुम्ही आलात तर बरं वाटेल लोकांना."

"नाही यायची मी," गुनवोर म्हणाली. "पण ऐकून घे. मेलेलं माणूस माफ करत नाही आणि रागावतही नाही. जे करायचं ते जिवंतपणी. ती जिवंत होती, आपल्यासमोर खोकत होती, आणि आपण एकतीस माणसं कोट घालून मेणबत्ती बघत होतो. एकाने वाकून दाराखाली हात घातला असता तर वारा कुठून येतो ते कळलं असतं. मला तर कळलेलं होतं. मीही रविवारची वाट बघत बसले, शहाणपण मिरवायला. तुला त्या माणसावर विश्वास ठेवायचाय तर मी अडवू शकत नाही. फक्त कुणी सांगितलं की थंडीत बसून राहा आणि प्रश्न विचारू नका, तर आधी प्रश्न विचारा. आणि खोकणाऱ्याला आधी घरात न्या."

एवर्टने सगळं ऐकून घेतलं, वर्गात ऐकायचा तसं, खाली बघत. मग म्हणाला, "तो पोराचं सांगतो तेव्हा मला झोप लागते हो, बाई." त्याने टोपी घातली आणि तो गेला.

रविवारी गुनवोर आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसली होती. तिथून एवर्टचं घर दिसतं. दोन वाजेपर्यंत तिने सोळा गाड्या मोजल्या, आणि आणखी येतच होत्या.